गर्भाशयातील गाठ आणि बाळंतपण

(तृतीय वर्ष, कला)

मराठीत ‘गाठ’ हा शब्द मोठा कामाचा आहे. लग्नात उपरण्याला आणि शालूच्या पदराला गाठ मारतात, आजी पदराच्या टोकाला सुटे पैसे गाठ मारून ठेवते, जुन्या मित्राशी बाजारात गाठ पडते आणि एखाद्या अपमानाची मनात गाठ बसते. यांतल्या कोणत्याही गाठीची आपल्याला भीती वाटत नाही. पण सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर येऊन कुणी म्हणाले, की ‘पिशवीत गाठ आहे’, तर घरातल्या साऱ्यांच्या तोंडचे पाणी पळते. कारण त्या क्षणी सर्वांच्या मनात एकच शब्द असतो आणि तो कुणी उच्चारत नाही. त्यातून ती बाई गरोदर असली, तर विचारायलाच नको.

गेल्या वर्षी आमच्या घरात हे घडले. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, तिसरा महिना लागला असताना गर्भाशयात आठ सेंटिमीटरची गाठ असल्याचे समजले. पुढच्या सहा-सात महिन्यांत मी जे वाचले, सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात बावीस वर्षे परिचारिका असलेल्या माझ्या मावशीकडून जे ऐकले आणि ताईबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून जे पाहिले, ते येथे लिहीत आहे. कविता आणि ललित लेखांच्या या अंकात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. आमच्या वर्गात सत्तेचाळीस मुली आहेत, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते. मुलांनीही हा लेख वाचावा; शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करायला उद्या पुष्कळदा तेच उभे असणार.

प्रथम भीती घालवण्याचे काम. गर्भाशयातील ज्या गाठीला डॉक्टर ‘फायब्रॉइड’ म्हणतात, ती कर्करोगाची गाठ नव्हे. गर्भाशयाची भिंत मुख्यतः स्नायूंची बनलेली असते. त्यातल्या एखाद्या पेशीची वाढ भलत्याच वाटेने सुरू होते आणि स्नायू व तंतू यांचा घट्ट, गोल गोळा तयार होतो. पाळी सुरू होण्यापूर्वी तो दिसत नाही, ती कायमची गेल्यावर बहुधा आक्रसतो. म्हणजे स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर तो पोसला जातो. अशा दिसणाऱ्या गाठींत कर्करोगाची गाठ निघणे अत्यंत विरळ, आणि तेही बहुतेक उतारवयात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले, की वयाच्या पन्नाशीपर्यंत तिथल्या गोऱ्या स्त्रियांपैकी शंभरात जवळजवळ ७० आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी शंभरात ८० हून अधिक जणींच्या गर्भाशयात अशा लहानमोठ्या गाठी होतात. इतक्या सर्रास आढळणाऱ्या गोष्टीला रोग तरी का म्हणावे, असा प्रश्न मला पडला होता. मावशी म्हणाली, “केस पांढरे होणं हा काय रोग आहे? पण डोळ्यात केस गेला तर त्रास होतोच ना!” गाठ कुठे आहे हेच महत्त्वाचे, असे तिला म्हणायचे होते, आणि पुढे वाचत गेले तसे या विषयाचे निम्मे ज्ञान एवढ्यात आले असे मला वाटू लागले.

गर्भाशयाची भिंत ही जुन्या वाड्याची जाड भिंत आहे असे समजा. काही गाठी भिंतीच्या पोटातच असतात. काही बाहेर अंगणाच्या बाजूला फुगतात, एखादी तर देठाला लटकलेल्या फळासारखी बाहेर लोंबते. काही आत, माजघराच्या बाजूला येतात. हे माजघर म्हणजे गर्भ जिथे वाढायचा ती पोकळी. आणि काही थोड्या उंबरठ्याशी, म्हणजे गर्भाशयाच्या खालच्या भागात किंवा तोंडाशी असतात. अंगणातली नारळाएवढी गाठ नऊ महिने गुण्यागोविंदाने नांदेल आणि माजघरातली आवळ्याएवढी गाठ तिसऱ्या महिन्यातच गर्भपात घडवील, असे होऊ शकते. म्हणून नुसते ‘केवढी आहे?’ असे विचारून भागत नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक नातेवाईक मात्र तेवढेच विचारी, आणि आठ सेंटिमीटर हे बोटांनी दाखवले की ‘अरे बापरे’ म्हणून चहा घेई.

गरोदरपण आणि गाठ यांची गल्लत माणसाने फार पूर्वीपासून केली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात गुल्मांच्या अध्यायात ‘रक्तगुल्म’ नावाचा विकार सांगितला आहे. तो फक्त स्त्रियांनाच होतो. पाळी बंद होते, पोट वाढते आणि सगळी लक्षणे गर्भासारखी दिसतात. फरक एवढाच, की आत जे हलते ते गोळ्यासारखे एकत्र हलते, हातापायांनी हलत नाही. यावर उपचार केव्हा सुरू करावेत? तर दहावा महिना उलटल्यावर! रक्तगुल्म म्हणजेच आजचा फायब्रॉइड असे कुणी समजू नये. पण त्या आज्ञेतला विचार मला फार आवडला. आत मूल असण्याची शंका जोवर शिल्लक आहे, तोवर वैद्याने हात आखडता घ्यावा. आमच्या संस्कृतच्या सरांना हा संदर्भ दाखवला तेव्हा ते म्हणाले, “वैद्याला थांबायला सांगणारं शास्त्र हे खरं शास्त्र.”

आज दहा महिने थांबावे लागत नाही, याचे श्रेय सोनोग्राफीचे. आणि सोनोग्राफीच्या जन्मकथेत या गाठी पहिल्या अंकातच आहेत, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ग्लासगो विद्यापीठात इयान डोनाल्ड हे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. कारखान्यांत लोखंडातली भेग शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र वापरतात, ते माणसाच्या पोटावर चालेल का, असे त्यांच्या डोक्यात आले. जुलै १९५५ मध्ये ते रेनफ्र्यू येथील बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. बरोबर दोन मोटारींच्या डिक्क्यांत भरून काय नेले होते? शस्त्रक्रियेत नुकत्याच काढलेल्या गर्भाशयाच्या गाठी आणि बीजांडकोशातल्या पाण्याच्या गाठी. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे उमटतात, हे त्या दुपारी दिसले. १९५८ साली डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रसिद्ध निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याचा विषयही पोटातील गाठींची तपासणी हाच होता. पोटातल्या बाळाची छबी पाहणे हा या यंत्राचा नंतरचा लौकिक. (आपल्याकडे या यंत्राचा तिसराच उपयोग शोधून काढला गेला आणि त्यासाठी १९९४ साली कायदा करावा लागला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. सोनोग्राफीच्या दारावरची ती पाटी आणि भरून घेतला जाणारा अर्ज कशामुळे आले, हे मात्र आपण विसरू नये.)

सोनोग्राफीमुळे एक नवी अडचणही झाली. पूर्वी ज्या गाठींचा बाईला आणि सुईणीला पत्ताही नसे, त्या आता कागदावर सेंटिमीटरसह छापून येतात. तपासलेल्या गरोदर स्त्रियांपैकी शंभरात दोनपासून दहापर्यंत जणींना गाठ सापडते; स्त्रियांचे वय आणि तपासणीचा महिना यांनुसार आकडा कमीजास्त होतो. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांचे गरोदरपण आणि बाळंतपण सुखरूप पार पडते. गरोदरपणात गाठ फोफावतेच, ही समजूतही खरी नाही. बऱ्याच गाठी आहेत तेवढ्याच राहतात. ज्या वाढतात त्या मुख्यतः पहिल्या तीन-चार महिन्यांत वाढतात.

आता उरलेल्या, त्रास देणाऱ्या गाठी. सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे दुखणे. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मर्यादित असतात. गाठ वाढली किंवा गर्भाशयाच्या वाढीबरोबर वाहिनीला मुरड पडली, की गाठीच्या आतल्या भागाला रक्त मिळेनासे होते. तो भाग मरतो, आत रक्त साकळते आणि कापून पाहिल्यास गाठ कच्च्या मांसासारखी लालभडक दिसते. म्हणून डॉक्टर याला ‘रेड डीजनरेशन’ म्हणतात. हे बहुधा गरोदरपणाच्या मधल्या काळात आणि मोठ्या गाठींत होते. एकाच जागी असह्य दुखते, थोडा ताप येतो, मळमळते. अपेंडिक्स आहे की काय, वार सुटली की काय, अशी डॉक्टरांनाही शंका येते.

ताईला पाचव्या महिन्यात एका रात्री असेच दुखू लागले. उजव्या कुशीला साडीच्या निऱ्यांचा स्पर्शही सोसवेना. गावातल्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी जुना कागद पाहिला आणि भाओजींना बाजूला घेऊन सांगितले, “खाली करून घ्या. गाठ काढून टाकू. मूल काय, पुढच्या वर्षी होईल.” भाओजींनी मावशीला फोन लावला. मावशीने दोनच प्रश्न विचारले: “अंगावरून जातंय का? बाळाचे ठोके लागतात का?” रक्त जात नव्हते आणि ठोके व्यवस्थित होते. “मग कुणीही कशालाही हात लावायचा नाही. आत्ताच्या आत्ता जिल्ह्याच्या रुग्णालयात आणा.” तिथे पुन्हा सोनोग्राफी झाली, वार जागच्या जागी असल्याचे दिसले आणि उपचार झाले ते असे: विश्रांती, सलाईन आणि पॅरासिटामॉल. चौथ्या दिवशी ताई उठून बसली आणि तिने भाकरी मागितली. या दुखण्यावर शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. ते काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत, आपोआप ओसरते. फक्त एक पथ्य आहे. घरात अंगदुखीसाठी, सुजेसाठी म्हणून ज्या गोळ्या पडलेल्या असतात, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, त्या मनाने घेऊ नयेत. गरोदरपणाच्या उत्तरार्धात त्या बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी अवेळी आकुंचित करू शकतात आणि बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली विसाव्या आठवड्यापासून पुढे या गोळ्या टाळण्याची सूचना दिली.

ते ‘पुढच्या वर्षी होईल’ हे वाक्य मी पुष्कळ दिवस विसरले नाही. पण ते एकट्या त्या डॉक्टरांचे नाही, ते हवेतच आहे. गाठ म्हटले की काढून टाकावी, आणि गाठीसाठी पिशवी काढून टाकावी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या बाबतीत काय घडले ते वर्तमानपत्रांत आले होते. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ होत्या. अंगावरून जाते, पोटात दुखते, अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घातली की ती उचल घेऊनही शस्त्रक्रिया करून घेते.

याच्या उलट टोकाचे एक नाव मला वाचनात सापडले. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी (१८७२–१९५३). त्यांच्या पत्नीचे गर्भाशय तरुणपणीच अशा गाठीपायी काढावे लागले आणि त्या दोघांना मूल झाले नाही. गाठीसाठी सरसकट गर्भाशय काढण्याच्या त्या काळात बॉनी यांनी गर्भाशय राखून नुसत्या गाठी सोलून काढण्याची शस्त्रक्रिया आयुष्यभर घासूनपुसून नीट केली. रक्तस्राव रोखण्यासाठी त्यांनी बनवलेल्या चिमट्याला आजही त्यांचेच नाव आहे. घरच्या दुःखाचे त्यांनी असे काम करून दाखवले.

पुन्हा आपल्या विषयाकडे. दुखणे हा बाळंतिणीच्या दृष्टीने मोठा पण बाळाच्या दृष्टीने बहुधा लहान त्रास. वारेच्या बाबतीत मात्र तसे नाही. वार गर्भाशयाच्या ज्या जागी चिकटते, नेमकी त्याच जागी भिंतीत मोठी गाठ असेल, तर वारेला तिथे नीट रुजता येत नाही आणि ती वेळेआधी सुटण्याचा धोका वाढतो. एकाएकी पोट लाकडासारखे घट्ट होऊन दुखू लागले, रक्त जाऊ लागले, तर तासभरही वाट पाहू नये. वार खाली, तोंडाशी असण्याचे प्रमाणही गाठ असलेल्या स्त्रियांत थोडे जास्त आढळते, आणि दिवस भरण्यापूर्वी कळा येण्याचेही. म्हणून सोनोग्राफीचा कागद हाती आला की विचारायचा प्रश्न: गाठ आणि वार यांत अंतर किती? ताईची गाठ मागच्या भिंतीत होती आणि वार पुढच्या. हे कळले त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली.

आणखी एक गोष्ट बाळाच्या बसण्याची. शेवटच्या महिन्यात बाळ बहुधा डोके खाली करून स्थिर होते. आत गाठीने जागा अडवलेली असली की त्याला कोलांटी घेता येत नाही. ते पायाळू राहते किंवा आडवे पडते. दिवस भरलेल्या शंभर बाळांत साधारण तीन-चार पायाळू असतात. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका परीक्षणात, गाठ असलेल्या स्त्रियांत बाळ उलटे वा आडवे असण्याचे प्रमाण शंभरात सुमारे १३ आढळले. आपल्याकडे पायाळू माणसाचे भारी कौतुक. त्याने पाय लावला की उसण उतरते असे म्हणतात. आमच्या आळीत एक पायाळू काका आहेत, त्यांच्याकडे अजूनही लोक पाठ घेऊन जातात. तो मान मिळण्याआधी पायाळू बाळाला आणि त्याच्या आईला कशातून जावे लागते, याचा विचार त्या कौतुकात नसतो. धड बाहेर येते आणि डोके अडकते. आजीच्या पिढीत अशा बाळंतपणांत मुले दगावत, मातांच्याही जिवावर बेते.

उंबरठ्यावरच्या गाठीने बाळाची वाटच अडवली तर सिझेरियनला पर्याय नाही. पण इथेही घाई नको. गरोदरपणाच्या शेवटच्या काळात गर्भाशयाचा खालचा भाग पसरतो, ताणला जातो, आणि पाचव्या महिन्यात वाटेत दिसणारी गाठ नवव्या महिन्यात कित्येकदा वर सरकलेली असते. ताईची तशी सरकली. बाळ मात्र पायाळूच राहिले, म्हणून दिवस ठरवून सिझेरियन झाले. नुसती गाठ आहे एवढ्यावर सिझेरियन करावे असे शास्त्र सांगत नाही. बाळाचे डोके खाली आणि वाट मोकळी असेल तर गाठ असूनही नैसर्गिक बाळंतपण होते. तरीही गाठ असलेल्या स्त्रियांत सिझेरियनचे प्रमाण खूपच वाढलेले दिसते. त्यात खरी गरज किती आणि डॉक्टर व नातेवाईक यांची धास्ती किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

बाळ बाहेर आले की नातेवाईक पेढे आणायला पळतात. मावशी म्हणते, आमचे खरे काम तेव्हा सुरू होते. वार सुटते तिथे रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. दिवस भरताना गर्भाशयातून मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. म्हणजे जवळजवळ दहा मिनिटांत अंगातल्या सगळ्या रक्ताइतके. हे थांबते कशाने? गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे आडवेउभे, जाळीसारखे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या जाळीतून जातात. वार पडताच स्नायू आक्रसतात आणि जाळीच्या फासांत वाहिन्या आवळल्या जातात. ओला पंचा पिळावा तसे गर्भाशय स्वतःला पिळून घेते. आता त्या पंच्यात एक धोंडा गुंडाळलेला असेल तर पीळ घट्ट बसेल का? गाठीमुळे नेमके हेच होते. गर्भाशय नीट आवळले जात नाही आणि रक्त वाहत राहते. जगभरात बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रक्तस्राव हेच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या धोंड्याचे महत्त्व कळेल.

हे घडलेच तर उपाय पुष्कळ आहेत, मात्र ते जवळ हवेत. गर्भाशय आक्रसावे म्हणून बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, पोटावरून गर्भाशय चोळतात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्त गोठलेले टिकवून धरणारे जुने, स्वस्त औषध बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २१ देशांतील २० हजारांवर स्त्रियांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. त्याने न भागल्यास गर्भाशयात फुगा घालून दाब देतात, वाहिन्या बांधतात. आणि आईचा जीव वाचवण्यासाठी अगदी शेवटी गर्भाशय काढतात. हे सगळे करायला शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी लागते. म्हणून मोठी गाठ असलेल्या बाईचे बाळंतपण माहेरच्या गावातल्या लहान दवाखान्यात करू नये, मग तिथल्या बाई कितीही प्रेमळ असोत. पहिलटकरणीने माहेरी जावे ही रीत चांगलीच. पण माहेर आणि रक्तपेढी यांत किती किलोमीटर आहेत, ते सातव्या महिन्यातच मोजून ठेवावे.

रक्ताची तयारी त्याहून आधी सुरू होते. या गाठींमुळे पाळीत जास्त रक्त जाते, म्हणून अशी स्त्री गरोदर राहते तेव्हाच कित्येकदा तिच्या अंगात रक्त कमी असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी शंभरात ५२ जणींना रक्तक्षय असल्याचे दिसले. हिमोग्लोबिन बारा असलेली बाई जेवढा रक्तस्राव पचवते, तेवढा आठ असलेलीला पचत नाही. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, तोंडाची चव जाते, म्हणून त्या उशीखाली जमा करून ठेवणाऱ्या बायका मावशीने शेकड्यांनी पाहिल्या आहेत. ताईच्या उशीखालीही अकरा सापडल्या. त्या दिवसापासून भाओजी स्वतः गोळी देऊन समोर उभे राहू लागले. सिझेरियनच्या वेळी ताईला अपेक्षेपेक्षा जास्त रक्त गेले आणि एक बाटली द्यावी लागली. दोन बाटल्या आधीच राखून ठेवलेल्या होत्या.

आता सर्वांचा आवडता प्रश्न: पोट उघडलेच आहे, तर त्याच वेळी गाठ का काढत नाहीत? आमच्या काकूंनी हा प्रश्न डॉक्टरीणबाईंना सरळ विचारला, “एकाच खर्चात दोन कामं होतील की!” उत्तर वर येऊन गेलेच आहे. मिनिटाला अर्धा लिटर रक्त खेळणाऱ्या भिंतीत खड्डा करणे म्हणजे भरल्या धरणाच्या भिंतीला दुरुस्तीसाठी भोक पाडणे. शिवाय तीच गाठ काही महिन्यांनी, रक्तपुरवठा उतरल्यावर, लहानही झालेली असते. देठाची गाठ, किंवा बाळ बाहेर काढायचा छेद घ्यायच्या जागीच असलेली गाठ, हे अपवाद. अलीकडे अनुभवी हातांनी निवडक स्त्रियांत ही शस्त्रक्रिया सुखरूप केल्याचे अभ्यास येऊ लागले आहेत. पण तो निर्णय आधी विचार करून, रक्त हाताशी ठेवून, त्या बाईला विचारून घ्यायचा असतो. संमतिपत्रावर ‘गाठ काढणे’ किंवा ‘गरज पडल्यास गर्भाशय काढणे’ असे शब्द असतील, तर सही करण्यापूर्वी ते बाईला वाचून दाखवावेत. आमच्याकडे संमतिपत्र भाओजींच्या हाती दिले गेले होते. त्यांनी ते ताईला नेऊन दिले, आणि तिने पडल्यापडल्या दोनदा वाचून सही केली.

बाळंतपणानंतरचे दिवस बहुधा सोपे जातात. क्वचित गाठीत जंतुसंसर्ग होतो. तेव्हा थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणे, जाणाऱ्या स्रावाला घाण वास, अशी लक्षणे दिसतात, आणि ‘दूध दाटलं असेल’ म्हणून शेकत न बसता दवाखाना गाठावा लागतो. एरवी गर्भाशय आपल्या मूळ आकाराला येऊ लागले, की पुष्कळ गाठी त्याच्याबरोबर आक्रसतात. ताईची गाठ सहा महिन्यांनी पाच सेंटिमीटरची झाली आहे. ती त्रास देत नाही, म्हणून तिच्या वाटेला कुणी जात नाही. वर्षातून एकदा सोनोग्राफी, एवढेच.

ज्या मुलींच्या गाठी लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी शस्त्रक्रियेने काढल्या आहेत, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. गाठ वरवरची असेल तर पुढे फारसा फरक पडत नाही. पण ती खोल असून भिंत आतल्या पोकळीपर्यंत उघडावी लागली असेल, तर तिथला व्रण बाळंतपणाच्या कळांत फाटण्याची भीती असते आणि कळा सुरू होण्यापूर्वीच सिझेरियनचा दिवस ठरवतात. गाठ किती होती आणि भिंत कुठवर उघडली होती, हे फक्त त्या वेळच्या शस्त्रक्रियेच्या टिपणात असते. पोटावरच्या टाक्यांवरून कुणालाच ओळखता येत नाही. ते टिपण पहिल्याच तपासणीला बरोबर न्यावे लागते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायची असतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांत नक्कल द्यायची असते. तीन वर्षे उलटल्यावर कागद हाती लागेलच असे नाही. म्हणून नक्कल घरी सोडतात त्याच आठवड्यात मागून घ्यावी.